‘जरा’ इंग्रजीत कुठे घालायचं? बोलणं मऊ करण्याची पायरीपायरीने रीत

कोथरूडला शनिवार-रविवारी मी बोलक्या इंग्रजीचा वर्ग घेते. गेल्या महिन्यात तिथल्या एका मुलाने मला त्याचा एक ईमेल दाखवला. तो चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. व्याकरण चोख. इंग्लंडमधल्या ग्राहकाला त्याने लिहिलं होतं, ‘युअर ड्रॉइंग इज राँग. प्लीज सेंड द करेक्ट वन टुडे.’ उत्तर आलं ते थेट त्याच्या साहेबांना, आणि त्यात ड्रॉइंगबद्दल एक ओळ होती, ईमेलच्या सुराबद्दल चार. ‘पण मॅडम, मी प्लीज घातलं होतं की!’ असं तो तीनतीनदा म्हणत होता.

मी विचारलं, ‘हेच फोनवर मराठीत कसं सांगितलं असतंस?’ तो लगेच म्हणाला, ‘साहेब, ड्रॉइंगमध्ये जरा गडबड वाटतेय. आज नवीन पाठवता येईल का?’

या वाक्यात ‘साहेब’ आहे, ‘जरा’ आहे, ‘वाटतेय’ आहे, ‘येईल का’ आहे. इंग्रजीत जाताना चारही गळाले. मुलगा उद्धट नाहीच. मराठीत मऊपणा बराचसा क्रियापदाच्या शेपटीत असतो (द्याल का, असेल, असावं), उरलेला ‘तुम्ही-आपण’मध्ये आणि ‘जरा’, ‘ना’, ‘हं’ अशा चिमुकल्या शब्दांत. इंग्रजीत ‘यू’ सगळ्यांना एकच, आणि क्रियापद लवकर येऊन बसतं. मराठीत वाक्य सुरू करून शेवटी शेवटी आवाज मऊ करता येतो. इंग्रजीत ते तोंड उघडायच्या आधी ठरवावं लागतं, कारण मऊ करणारे शब्द बहुतेक वेळा वाक्याच्या तोंडाशीच लागतात.

खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. बहुतेकजण थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात, ‘आय वॉज वंडरिंग’ पाठ करतात आणि मग ते चहाच्या टपरीवरही म्हणतात.

पूर्वतयारी: दहा वाक्यं, पण स्वतःची

एक वही घ्या. दोन दिवसांत तुम्ही मराठीत खरोखर बोललेली दहा वाक्यं उतरवा: सोसायटीच्या सेक्रेटरीला, वरच्या मजल्यावरच्यांना, ऑफिसातल्या ज्येष्ठांना, डॉक्टरांना. पुस्तकातली नकोत. मग मऊपणा आणणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. नेहमी सापडणारे हे: जरा, थोडंसं, बहुतेक, बहुधा, साधारण, असं वाटतं, असेल, असावं, जमेल का, हरकत नसेल तर, चुकत नसेन तर, वगैरे, आणि ‘चहाबिहा’तला तो ‘बिहा’सुद्धा.

तपासणी: एखाद्या वाक्यात काहीच सापडलं नाही, तर ते मोठ्याने म्हणून बघा. ‘सोडा इथेच’ हे रिक्षावाल्याला म्हटलेलं वाक्य नुसत्या आवाजाने मऊ होतं. अशा वाक्यांसमोर नागमोडी रेघ काढा. इंग्रजीत सर्वांत जास्त गोंधळ यांचाच होतो, कारण कागदावर तिथे भाषांतर करायला काही नसतंच.

पायरी १: मऊ नेमकं काय करायचंय?

दहा वाक्यांचे तीन ढीग करा. पहिला, ज्याची मला पुरती खात्री नाही अशी माहिती. दुसरा, समोरच्याला लागेल असं मत किंवा नकार. तिसरा, समोरच्याला तोशीस पडेल अशी विनंती. तिन्हींची हत्यारं वेगळी. ‘मेबी’ हा पहिल्या ढिगाचा शब्द तिसऱ्यात घातला की ‘मेबी यू सेंड मी द फाइल’ असं काहीतरी विचित्र तयार होतं. ऐकणाऱ्याला कळत नाही, पाठवायची आहे की नाही.

जपून: चौथाही एक ढीग असतो, आणि त्याला हात लावायचा नाही. औषधाचा डोस, विजेचा स्विच, मशीन चालू की बंद, पैशांची रक्कम, गाडीची वेळ. कारखान्यात परदेशी इंजिनिअर प्रेसमध्ये हात घालायच्या बेतात असताना ‘आय थिंक द पॉवर माइट बी ऑन’ म्हणणं म्हणजे सभ्यपणा नव्हे. ‘स्टॉप. द पॉवर इज ऑन.’ संपलं.

पायरी २: खात्री किती, ते शब्दात उतरवा

पहिला ढीग घ्या. मराठीशी जोडी लावून ही उतरंड वहीत लिहा.

‘येणार’ म्हणजे ‘ही विल कम’. ‘येईल बहुतेक’ म्हणजे ‘हील प्रॉबेब्ली कम’. ‘यायला हवा’, म्हणजे सगळं नीट झालं तर येईलच, हे ‘ही शुड बी हिअर बाय सिक्स’. ‘येईलही’ म्हणजे ‘ही माइट कम’. ‘येईलसं वाटत नाही’ म्हणजे ‘आय डोन्ट थिंक हील कम’.

शेवटच्या वाक्यात मराठी आपल्या मदतीला येते. ‘मला नाही वाटत तो येईल’ असं आपण म्हणतोच, म्हणजे नकार ‘वाटत’ला लावतो. इंग्रजीतही तेच. तरीही वर्गात ‘आय थिंक ही वोन्ट कम’ हेच जास्त ऐकू येतं. ते चूक नाही, पण कडक आहे.

या पायरीवर चार खड्डे आहेत.

‘प्रॉबेब्ली’ची जागा. होकारात तो ‘विल’च्या नंतर: ‘इट विल प्रॉबेब्ली रेन’. नकारात ‘वोन्ट’च्या आधी: ‘इट प्रॉबेब्ली वोन्ट रेन’.

‘मे’. शक्यता सांगताना ठीक आहे, पण ‘यू’ला जोडला की परवानगी दिल्यासारखा ऐकू येतो. ‘यू मे सेंड इट टुमॉरो’ म्हणजे ‘उद्या पाठवायची मुभा आहे तुम्हाला’. ग्राहकाला असं लिहिलं की तो खुर्चीत सरसावून बसतो. तिथे ‘टुमॉरो इज फाइन’ पुरे.

‘डाउट’. आपण मराठीत ‘मला शंका आहे, तो येणार नाही’ असं म्हणतो, म्हणून ‘आय डाउट ही वोन्ट कम’ तोंडातून निघतं. इंग्रजीत त्याचा अर्थ उलटतो. ‘आय डाउट हील कम’ म्हणजे तो येईल असं मला वाटत नाही. आपल्याला म्हणायचं असतं ते ‘आय सस्पेक्ट ही वोन्ट कम’. आणि प्रश्न विचारायचा असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’. ‘आय हॅव अ डाउट’ आपल्याकडे सगळ्यांना कळतं, पण बाहेरच्या माणसाला वाटतं की तुमचा त्याच्यावर विश्वास नाही.

आणि आकडे. ‘दोन-तीन दिवस’ला ‘टू थ्री डेज’ नाही, ‘टू ऑर थ्री डेज’. ‘टेन फिफ्टीन’ म्हटलं की समोरचा घड्याळात सव्वादहा बघतो. दहा-पंधरा मिनिटं म्हणजे ‘टेन टु फिफ्टीन मिनिट्स’. ‘सातच्या सुमारास’ला ‘अराउंड सेव्हन’ किंवा गप्पांत ‘सेव्हनिश’. हा ‘इश’ म्हणजे आपल्या ‘लालसर’मधला ‘सर’च. रंगाला लागतो, वेळेला लागतो, वयालाही लागतो. करारात मात्र लावू नका.

पायरी ३: एका ‘वाटतं’चे पाच तुकडे

माझ्या मते सगळ्या प्रक्रियेचा गाभा ही पायरी आहे, आणि पुस्तकं नेमकी इथून घाईने निघून जातात. मराठी ‘वाटतं’ हा शब्द राब-राब राबतो. इंग्रजीत तेच काम निदान पाच शब्दांत वाटलेलं आहे. आपण सगळीकडे ‘आय थिंक’ मारतो, किंवा हल्ली ‘आय फील’.

विचार करून बनवलेलं मत असेल तर ‘आय थिंक’. ‘आय थिंक वी नीड अ बिगर रूम.’

नुसता अंदाज, चुकला तरी फरक पडत नाही, तर ‘आय गेस’. ‘आय गेस इट टेक्स अबाउट फॉर्टी मिनिट्स टु हिंजवडी.’ (संध्याकाळी सहाला नाही, पण तो वेगळा विषय.) बैठकीत गंभीर मत सांगताना ‘आय गेस’ वापरलंत, तर तुम्हालाच त्याची पर्वा नाही असं दिसतं.

पुराव्यावरून दिसतंय, मी फक्त सांगतोय, तर ‘इट सीम्स’ किंवा ‘इट लुक्स लाइक’. दुसऱ्याची चूक दाखवताना हा शब्द सोन्यासारखा. ‘यू फरगॉट द अटॅचमेंट’मध्ये बोट माणसाकडे आहे. ‘इट लुक्स लाइक द अटॅचमेंट इज मिसिंग’मध्ये बोट फाइलकडे. मराठीत आपण हे सहज करतो. ‘काच फुटली’ म्हणतो, कोणी फोडली ते सांगत नाही.

वाईट बातमी द्यायची असेल तर ‘आय ॲम अफ्रेड’. यात भीतीचा संबंध नाही. ‘आय ॲम अफ्रेड द डॉक्टर इज नॉट इन टुडे’ याचं खरं मराठी ‘डॉक्टर आज नाहीत हो’. तो ‘हो’ म्हणजेच हे ‘अफ्रेड’. म्हणून चांगल्या बातमीला ते लावायचं नाही. ‘आय ॲम अफ्रेड यू आर सिलेक्टेड’ असं एकीने खरंच लिहिलं होतं.

पाचवा तुकडा, इच्छा. ‘खावंसं वाटतंय’ला ‘आय फील लाइक ईटिंग’. ‘आय फील’ मतासाठी चालतं, पण त्यात भावना मिसळते. हिशेबाच्या चर्चेत ‘आय फील द टोटल इज राँग’ म्हणू नका. बेरीज मनाला वाटत नसते.

तपासणी: वहीतल्या ‘वाटतं’च्या प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडा लिहा. सगळीकडे एकच आलेला दिसला तर पुन्हा बघा.

पायरी ४: विनंती, तोशीस बघून

आता तिसरा ढीग. इथली मुख्य चूक म्हणजे आज्ञेला ‘प्लीज’ चिकटवणं. ‘प्लीज सेंड द फाइल’ ही प्लीज लावलेली आज्ञाच. वर्गशिक्षिका असंच बोलते, ‘प्लीज सिट डाउन’. ‘काइंडली’ तर त्याहून ताठ. वीजबिलाच्या सूचनेवर शोभतं, माणसाशी बोलताना नाही.

क्रम असा. आधी आज्ञेचा प्रश्न करा: ‘कॅन यू सेंड द फाइल?’ मग ‘कॅन’चा ‘कुड’ करा. हा आपल्या ‘पाठव’चा ‘पाठवाल का’ झाला, म्हणजे हरवलेलं ‘तुम्ही’ परत आलं. रोजच्या ऐंशी टक्के कामाला इथेच थांबा. (ऐंशी हा माझा अंदाज, कोणी मोजलेलं नाही. म्हणजे ‘आय गेस’.)

तोशीस जास्त असेल, सुट्टीच्या दिवशी काम सांगायचं असेल, अनोळखी माणूस असेल, तर पुढची पायरी: ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड…’ इथे लोक अडतात की विनंती आत्ता करतोय, मग भूतकाळ कशाला? अहो, आपणही दारात उभं राहून ‘एक विचारायचं होतं’ म्हणतोच ना. ‘होतं’ कशाला, ‘आहे’ म्हणा की! भूतकाळामुळे मागणी एक पाऊल मागे सरकते आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. ‘आय वॉन्टेड टु आस्क’चं काम तेच.

‘हरकत नसेल तर’ साठी ‘वुड यू माइंड’. पुढचं क्रियापद ‘इंग’वालं: ‘वुड यू माइंड क्लोजिंग द विंडो?’

जपून: याचं उत्तर देताना ‘यस’ म्हणजे ‘हो, हरकत आहे’. होकार द्यायचा तर ‘नॉट ॲट ऑल’ म्हणा.

मागणीला एक छोटं कारण जोडा, एकच. ‘सो दॅट आय कॅन प्रिंट इट टुनाइट.’ ‘सॉरी टु डिस्टर्ब यू’, मग तब्येतीची चौकशी, मग हवा, मग काम, अशी प्रस्तावना केली की समोरचा पैसे उसने मागणार असं समजून सावध होतो.

सरावाला पुण्यात साहित्याची टंचाई नाही. कुठलीही पाटी घ्या आणि मऊ इंग्रजीत आणा. ‘दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये’ याचं वर्गात झालेलं रूप: ‘वी रेस्ट बिट्वीन वन अँड फोर, सो कुड यू पॉसिब्ली रिंग आफ्टर फोर?’ एका आजोबांना ते अजिबात पटलं नाही. म्हणाले, असं लिहिलं तर लोक खरंच वाजवतील. त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. ज्याला नाही म्हणायची मुभा द्यायचीच नाही, त्याला विनंतीचा प्रश्न करू नये.

पायरी ५: चूक दाखवणं, असहमत होणं

दुसरा ढीग शेवटी घेतो, कारण त्याला आधीच्या तिन्ही पायऱ्या लागतात.

दोष सांगताना ‘अ बिट’ लावा: ‘इट्स अ बिट लाउड’. वरच्या मजल्यावरच्या परप्रांतीय भाडेकरूंना रात्री अकरा वाजता गाणी बंद करायला सांगायची असतील तर ‘युअर म्युझिक इज टू लाउड’पेक्षा हे बरं. ‘अ बिट’ साधारणपणे नकोशा गोष्टीलाच लागतो. ‘अ बिट गुड’ होत नाही.

याच कामाच्या ‘अ लिटल’मधला ‘अ’ खाऊ नका. मराठीत तसला शब्द नसल्याने तो हमखास पडतो, आणि पडला की अर्थ फिरतो. ‘वी मेड अ लिटल प्रोग्रेस’ म्हणजे थोडी प्रगती झाली. ‘वी मेड लिटल प्रोग्रेस’ म्हणजे प्रगती जवळजवळ झालीच नाही. एका ‘अ’पायी आठवड्याच्या अहवालाचा सूर बदलतो.

आणखी एक युक्ती म्हणजे वाईट शब्द टाळून चांगल्या शब्दाला ‘नॉट व्हेरी’ लावणं. ‘द रिपोर्ट इज कन्फ्यूजिंग’ऐवजी ‘द सेकंड पार्ट इज नॉट व्हेरी क्लिअर’. ‘फार काही बरं नाही’ म्हणणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही.

सल्ला द्यायचा तर ‘यू शुड’ ऐवजी ‘यू माइट वॉन्ट टु’. आणि इथेच सर्वांत धोक्याचं वाक्य आहे: ‘यू हॅड बेटर’. ‘तुम्ही गेलेलं बरं’ हे डोक्यात असतं, ‘बेटर’मध्ये ‘बरं’ दिसतं, आणि माणूस प्रेमाने म्हणतो, ‘यू हॅड बेटर कॉल हिम.’ ऐकणाऱ्याला ऐकू येतं, ‘फोन कर, नाहीतर बघ.’ ते धमकीच्या अंगाने जाणारं वाक्य आहे. वरिष्ठांना, ग्राहकांना, सासूबाईंना, कोणालाच वापरू नका.

‘ॲक्चुअली’ने मऊ होतं हाही एक समज. दुसऱ्याचं बोलणं दुरुस्त करताना ते उलट धारच लावतं. ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ ऐकलं की इंग्रज माणूस पुढचा वार चुकवायच्या तयारीला लागतो.

तोंडी बोलताना नागमोडी रेघेची वाक्यं आठवा. ‘इट्स गुड’ हे ‘गुड’वर आवाज खाली नेऊन पुन्हा किंचित वर उचलून म्हटलं की ‘बरं आहे, पण…’ असं होतं. हा पण न उच्चारता पोचतो. लिहिताना पोचत नाही, तिथे शब्द घालावेच लागतात.

पायरी ६: आता छाटा

मऊपणा शिकलेल्या माणसाचा पहिला महिना घरच्यांना सोसवत नाही. चाकणच्या त्याच मुलाचा दुसरा मसुदा असा होता: ‘आय थिंक मेबी देअर माइट पॉसिब्ली बी सम काइंड ऑफ अ स्मॉल इश्यू इन द ड्रॉइंग.’ वाचून ग्राहक म्हणेल, इश्यू आहे की नाही?

नियम साधा. एका वाक्यात मऊ शब्द एक, फार तर दोन, आणि दोन असतील तर वेगवेगळ्या कामाचे. ‘मेबी’ आणि ‘माइट’ दोघे एकच काम करतात, एकाला घरी पाठवा. आकडे, तारखा, नावं यांना एकही नको.

छाटून उरलेला ईमेल: ‘इट लुक्स लाइक द होल डायमीटर ऑन शीट टू डझन्ट मॅच शीट वन. कुड यू सेंड अस अ करेक्टेड ड्रॉइंग टुडे? वी स्टार्ट मशिनिंग टुमॉरो मॉर्निंग.’ मऊ शब्द दोनच. पहिला बोट कागदाकडे वळवतो, दुसरा आज्ञेचा प्रश्न करतो. ‘राँग’ गेला आणि त्याजागी नेमकं कुठे काय चुकलंय ते आलं. शेवटच्या वाक्यात काहीही मऊ नाही, कारण उद्या मशीन चालू होणार हे पक्कं आहे.

तपासणी: सगळे मऊ शब्द खोडून वाचा. मुद्दा उरतो का? उरत नसेल तर तुम्ही काही म्हणालाच नव्हतात.

पायरी ७: समोरचा मऊ बोलला तर

हे उलट्या दिशेचं काम. ब्रिटिश ग्राहक ‘यू माइट वॉन्ट टु चेक द टॉलरन्सेस’ म्हणाला तर आपल्याला वाटतं, वाटलं तर बघू. त्याने ‘तपासा’ म्हटलेलं असतं. ‘वी आर अ लिटल कन्सर्न्ड’ म्हणजे तिथे बैठक होऊन गेलेली असण्याची शक्यता बरीच. ‘नॉट क्वाइट व्हॉट वी हॅड इन माइंड’ म्हणजे नापसंत. नुसत्या ‘क्वाइट गुड’चं मात्र देशावर ठरतं. अमेरिकन माणसाकडून ती बहुधा शाबासकी, ब्रिटिशाकडून अनेकदा ‘बरंय’. आणि सगळीकडेच हे असं चालतं असंही नाही. जर्मन किंवा डच सहकारी पुष्कळदा सरळ ‘धिस इज राँग’ म्हणतात आणि त्यांच्या मनात राग नसतो. त्यांच्याशी बोलताना मऊ शब्द थोडे कमीच ठेवा, नाहीतर मुद्दा त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

सल्ला आहे की आज्ञा हे कळलं नाही, तर मनातल्या मनात अर्थ लावत बसू नका. एक वाक्य पाठ ठेवा: ‘जस्ट टु बी शुअर, शुड वी चेंज इट बिफोर वी शिप?’ उत्तरात ‘यस, प्लीज’ आलं, तर समजा की ती आधीपासून आज्ञाच होती.